दहा एकोणपन्नासचं विमान

बदनापूर स्टेशनाहून जालन्याच्या बाजूला निघालं की थोड्याच अंतरावर रेल्वेचं एक फाटक होतं, आणि त्या फाटकावर कचरू खरात नावाचा गेटमन होता. माझी त्याची ओळख भांडणातून झाली. मी शेती संशोधन केंद्रात कारकून. खोली रुळाच्या अलीकडे आणि कचेरी पलीकडे. रोज दहाला दहा कमी असताना मी सायकल दामटत यायचो आणि हा माणूस बरोबर माझ्या तोंडावर फाटक लावायचा. गाडीचा धूर सोडा, आवाजसुद्धा नसायचा. पहिल्याच आठवड्यात मी त्याच्यावर ओरडलो, "अहो, गाडी येणार कधी अन् तुम्ही लावता कधी?"

"आठ मिन्टांत येती," तो म्हणाला. "घड्याळ बघा."

मी हट्टानं घड्याळाकडे बघत उभा राहिलो. आठव्या मिनिटाला इंजिन माझ्यासमोरून गेलं. त्या दिवशी कचेरीत बोलणी खाल्ली ती खाल्लीच, वर कचरूवर राग काढायचीही सोय राहिली नाही.

पुढे त्याच्याशी गट्टी जमली. थांबायचंच आहे तर बोलून तरी घेऊ, असं करता करता मी त्याला कचरूमामा म्हणायला लागलो आणि तो मला अण्णासाहेब. पन्नाशीचा, काटक, खाकी कपडे रोज धुतलेले. शिक्षण चौथीपर्यंतचं. पण मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत कोणतं स्टेशन कितव्या किलोमीटरला आहे आणि पॅसेंजर तिथून किती मिनिटांत पुढच्या स्टेशनाला लागते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ठाऊक नसेल तर मात्र सरळ "न्हाई सांगता येत" म्हणायचा. अंदाजे, सुमारे, जवळपास हे शब्द त्याला खपत नसत. मी एकदा जालना पंधरा-वीस किलोमीटर असेल म्हणालो, तर पंधरा की वीस ते बोला म्हणून त्यानं मला पार भंडावून सोडलं.

छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यानं जुन्या चालीरीती सोडल्या, त्याही अशाच, निम्म्याशिम्म्या नव्हे. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको सगुणाबाई वारली तेव्हा तिच्या म्हाताऱ्या मावशीनं हट्ट धरला होता, की जीव गेला त्या जागेवर दिवा लाव, पीठ पसर. आमच्याकडे सगळीकडेच ती चाल. दहा दिवस दिवा तेवत ठेवायचा, म्हणजे गेलेल्याला अंधारात चाचपडावं लागत नाही, म्हणतात. कचरूमामानं साफ नकार दिला. मावशी रडली, बोलणं टाकून गेली. हा बधला नाही.

घरात मग बाप आणि लेक दोघंच उरले. लेक बेबीनंदा. तिला त्यानं नर्सिंगला घातलं आणि पास झाल्यावर ती नांदेडच्या दवाखान्यात लागली. तिचा विषय निघाला की हा आकड्यांचा माणूस एकदम पाघळायचा. "माझी बेबी सुई टोचती तर पेशंटला कळत न्हाई," असं मला त्यानं किती वेळा सांगितलं असेल, त्याचा हिशोब त्याच्यापाशीही नसेल.

पंच्याहत्तर सालच्या मार्चमधली गोष्ट. मी त्या दिवशी जरा लवकर फाटकाशी आलो तर फाटक अजून उघडं आणि कचरूमामा रस्त्यातच उभा. हातात चुरगळलेली चिठ्ठी. रेल्वेच्या लोकांचं टपाल असंच चालायचं. नांदेडला रात्रीच्या गाडीच्या गार्डाला चिठ्ठी द्यायची, गार्डानं ती खड्याला गुंडाळून पहाटे फाटकावर टाकायची.

"वाचा," तो म्हणाला. त्यानं ती दहा वेळा तरी वाचली असणार, तरी मला वाचायला लावली.

"बाबा, उद्या सकाळी दहा वाजता एका पेशंटला घेऊन नांदेडहून औरंगाबादला विमानानं जात आहे. डॉक्टरसाहेबांनी मला नेमलं. साहेब लोकांना सोडायला आलेलं छोटं विमान आहे, रिकामं परत जाणार होतं. एक तास लागतो म्हणतात. संध्याकाळी जमलं तर घरी येते. काळजी करू नये. बेबी."

चिठ्ठी कालची, म्हणजे विमान आजच. मला फार आनंद झाला. आमच्या अख्ख्या बदनापुरात कोणी विमानाला हात लावलेला नव्हता. मी म्हणालो, "मामा, पेढे काढा!"

"पेढे उतरल्यावर," तो म्हणाला. त्यानं चिठ्ठी माझ्या हातातून परत घेतली. "छोटं हाय म्हणती. छोटं म्हणजी किती छोटं, अण्णासाहेब?"

ते मला काय ठाऊक! पण त्यानं हिशोब मात्र करून ठेवला होता. नांदेड ते औरंगाबाद दोनशे चाळीस किलोमीटर. साठ मिनिटं. मिनिटाला चार. आपलं फाटक औरंगाबादच्या अलीकडे पंचेचाळीसवर. दहाला निघालं तर फाटकावरून जाणार दहा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी.

"फाटकावरून कशाला जाईल?" मी विचारलं.

"मंग कुठून जाईल?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझा प्रश्न खुळचट वाटला. "वर काय मैलाचे दगड हायेत का? एका डायवरनं मला सांगितलंय, इमानवाले खाली लाईन बघत बघतच जातेत."

मला त्यात काहीच चूक दिसली नाही. आम्ही दोघंही आयुष्यभर लाईनच्या कडेनं जगलेली माणसं. नांदेडहून औरंगाबादला जायला दुसरी वाट असू शकते हे आमच्या डोक्यातच येईना. मी कचेरीत सही करून, पोट दुखतंय असं सांगून साडेदहाला परत फाटकावर आलो. पोरीचं विमान बघायचं होतं, खोटं कशाला बोलू.

कचरूमामानं डोक्याला रुमाल बांधला होता आणि हातात हिरवी झेंडी घेतली होती. गाडी गेली की गेटमननं गार्डाला झेंडी दाखवायची असते, सगळं ठीक आहे म्हणून. बेबीला ती वरून दिसेल असं त्याला वाटत होतं. दहा पंचेचाळीसला तो रुळाशेजारी जाऊन ताठ उभा राहिला. तोंड जालन्याकडे, नजर वर. आभाळ मार्चचं, पांढरं, डोळ्यांत पाणी आणणारं.

दहा एकोणपन्नास झाले. काही नाही.

"पाच मिन्टं इकडंतिकडं," मी म्हणालो. कचरूमामासमोर असं बोलायची मला एरवी छाती झाली नसती, पण तो रागावला नाही. त्यानं नुसती मान हलवली. अकरा झाले. सव्वाअकरा झाले. एक मालगाडी गेली, तिला त्यानं न बघताच झेंडी दाखवली. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. मग तो फाटकावरच्या फोनकडे धावला आणि स्टेशन मास्तरांना विचारू लागला, की औरंगाबादला इमान उतरलं का. मास्तर म्हणाले, ते आपल्याकडे कसं कळणार? त्यानं तोच प्रश्न दोन-तीनदा विचारला. मग फोन ठेवला.

"ती घाबरट हाय हो," तो म्हणाला. "ल्हानपणी बैलगाडीत बसून विहिरीजवळून जाया लागलं तरी डोळे झाकायची. मीच तिला शिकवलं, न्हाई म्हणायचं न्हाई, सायबानं काम सांगितलं की पुढं व्हायचं. मी नसतं शिकवलं तर ती न्हाई म्हणली असती. बिलकुल बसली नसती."

निघालंच नसेल, उशिरा निघालं असेल, असं मी काहीबाही बोलत राहिलो. तो ऐकतच नव्हता. गाडी वेळेत आली नाही की माणसानं बसून राहायचं नसतं, असं त्याच्या अंगात तीस वर्षांत मुरलं होतं. मागचं स्टेशन सोडलं आणि इथवर आली नाही, म्हणजे मधे कुठंतरी काहीतरी झालंय. मग लाईन धरून बघायला जायचं.

"मी बघाया चाललो," तो म्हणाला.

"कुठं?"

त्यानं पूर्वेकडे हात केला.

धर्मराज म्हणून त्याचा जोडीदार, रात्रपाळी करून शेजारच्या खोलीत झोपला होता. कचरूमामानं त्याला उठवलं. झेंड्या, बत्ती, वही, सगळं रीतसर त्याच्या ताब्यात दिलं, सही घेतली. एवढ्या काळजीतही सही घेतली. आणि रुळाच्या कडेच्या पायवाटेनं चालायला लागला. मीही निघालो. त्याला एकट्याला सोडवेना, आणि कचेरीत आता पोटदुखी वाढली असं सांगावं लागणार होतंच.

ऊन मी म्हणत होतं. तो दोन्ही बाजूंची वावरं निरखत चालला होता आणि मी त्याच्या मागून धापा टाकत. तो काय शोधतोय हे मला कळत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी मनातल्या मनात सगळ्या देवांची प्रार्थना करत होतो. एक गँगमन भेटला. त्यानं घरघर ऐकली होती, पण ती ट्रकची असेल म्हणाला. एका बाईनं काहीच ऐकलं नव्हतं. पुढे एका ओढ्याच्या पुलावर आलो आणि कचरूमामा थबकला.

लांब, उजव्या हाताला, धूर निघत होता. काळा, सरळ वर.

तो पुलाच्या कडेनं घसरतच खाली उतरला आणि ढेकळांतून पळत सुटला. पन्नाशीचा माणूस, मला मागे टाकून. मी त्याला हाका मारत होतो. मला वाटलं, आता जे दिसणार ते मला आयुष्यभर पुरणार. त्याच्या रुमालाकडे बघत मी पळत राहिलो, धुराकडे बघायचं माझ्यानं होईना.

धूर उसाच्या पाचटाचा होता. तातेराव नावाचा शेतकरी हातात फोक घेऊन जाळ आवरत होता. आम्हाला बघून तो दचकला. कचरूमामा मटकन खाली बसला. मीच विचारलं, "विमान... विमान पाहिलं का इकडं कुठं?"

"पाह्यलं की," तातेराव म्हणाला. "अकराच्या आधी. त्या तिकडं, अंबडच्या अंगाला. लई लांब. घारीएवढं दिसत व्हतं."

"कोणीकडं जात होतं?"

"औरंगाबादकडं. बराबर सरळ."

कचरूमामा मान वर करून त्याच्याकडे बघत राहिला. "पण लाईन तर इकडं हाय," तो म्हणाला.

"त्याला काय करायची लाईन? त्यो वरून जातो, त्याला कोण आडवतं?"

तातेरावानं आम्हाला पाणी दिलं. परतताना मामा दोनदा म्हणाला, "सरळ जात आसंल. सरळच जात आसंल. मीच गाढव." मला वाटलं आता हा हसेल, पण तो तसाच भराभर चालत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "दिसलं म्हणजी पोचलं असं न्हाई, अण्णासाहेब. उतरायचं राह्यलंच." फाटकावर आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. तो पुन्हा रुळाशेजारी उभा राहिला, आता तोंड औरंगाबादकडे. जेवण नाही, चहा नाही. धर्मराज ड्युटी परत द्यायला आला तर त्यानं प्रथमच नको म्हटलं.

साडेपाचच्या पॅसेंजरनं बेबीनंदा आली. स्टेशनावरून रुळाच्या कडेनं चालत येताना तिची पांढरी साडी आधी धर्मराजनं पाहिली. कचरूमामा तिच्याकडे धावला नाही. तिथंच खाली बसला, दोन्ही हातांत तोंड धरलं आणि मोठ्यानं रडला. मीही रडलो, सांगायला लाज कसली. मग तो उठला, तिचे दंड चाचपले, डोक्यावरून हात फिरवला, आणि धर्मराजला म्हणाला, जा, पेढे आण. धर्मराज पळाला. तिला खाटेवर बसवून यानं सकाळपासूनची सगळी हकीकत सांगितली. दहा एकोणपन्नास, झेंडी, धूर, तातेराव. आता त्याला हसू फुटत होतं. सांगताना पाचटाच्या धुरापाशी तर तो इतका हसला की ठसका लागला.

बेबीनंदा हसली नाही. पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "पेशंटचं तुमी इचारलंच न्हाई."

खरंच आम्ही विचारलं नव्हतं. सकाळपासून मी आणि त्यानं किती माणसांना विमानाबद्दल विचारलं, पण त्यात आणखी कोणी होतं, कोणाचा तरी मुलगा होता, हे दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं. मला माझीच शरम वाटली. कचरूमामाचं हसू जागीच विरलं.

पेशंट साहेबराव नावाचा जीपचा ड्रायव्हर होता. पंचवीस-सव्वीसचा. जीप उलटून डोक्याला मार लागला होता. गाव करमाडच्या बाजूचं, घरी आई तेवढी, चांगुणाबाई. तिला निरोप गेला होता आणि ती सकाळपासून चिकलठाण्याला विमानतळाच्या तारेपाशी येऊन उभी होती.

"पंचवीस मिन्टं झालती," बेबीनंदा म्हणाली. "मी नाडी धरूनच व्हते. ती गेली. मी पायलटला सांगितलं. तो म्हणला, सिस्टर, मागं पंचवीस मिन्टं, पुढं पस्तीस. तुमी सांगा काय करायचं. मला सांगाया लावलं, बाबा. मी म्हणलं, पुढं चला. त्याची माय तिथं उभी हाय, इथं मागं कोणीच न्हाई. मंग पस्तीस मिन्टं मी त्याचा हात धरून बसले. सोडवंना."

कचरूमामानं तिच्या हातातला तांब्या काढून खाली ठेवला.

"म्हातारी रडली न्हाई," ती पुढे म्हणाली. "मला म्हणली, बाई, कोणत्या गावावर गेला माझा लेक? कुठं लावू त्याचा दिवा? मी म्हणलं, वर होतो आम्ही, खाली नुस्ती वावरं दिसत व्हती. ती म्हणली, पण खाली काहीतरी आसंलच ना. घरात गेला असता तर घरात लावला असता, रस्त्यावर गेला असता तर रस्त्यावर लावला असता. अंधारात कसा ठेवू त्याला? मी म्हणलं, माझे वडील रेल्वेत हायेत. त्यान्ला सगळी गावं ठावं हायेत. त्यान्ला इचारून उद्या सांगते."

"पंचवीस मिन्टं," कचरूमामा म्हणाला. "मिन्टाला चार. शंभर किलोमीटर. म्हणजी मानवत रोडच्या पुढं, सेलूच्या..." आणि तो थांबला. विमान लाईनवरून जात नाही हे त्याला आजच कळलं होतं. खाली कोणतं गाव होतं, त्याच्या माहितीतलं की नाही, हे सांगायला त्याच्यापाशी काहीही नव्हतं. तो आता "न्हाई सांगता येत" म्हणणार, असं मला वाटलं.

बराच वेळ तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मग म्हणाला, "म्हातारी चालती का नीट?"

"काठी घेऊन. जास्त न्हाई चालवत."

"एवढ्या लांब सेलूला कुठं जाईल ती? करमाडहून इथं पॅसेंजरनं जल्दी येता येतं," तो म्हणाला. "तिला सांग, बदनापूरच्या फाटकापाशी. रुळाच्या डाव्या अंगाला."

बेबीनंदा बघतच राहिली. "बाबा, इथून तर गेलंच न्हाई. आन् ते तर लई आधी..."

"मला ठाऊक हाय," तो म्हणाला.

धर्मराज पेढे घेऊन आला. पुडा कोणी सोडला नाही.

चौथ्या दिवशी चांगुणाबाई आली. बरोबर पुतण्या, त्याच्या हातात पिठाची पिशवी आणि पणती. मी मुद्दाम रजा टाकून थांबलो होतो. कचरूमामानं सकाळीच जागा झाडून घेतली होती, वारा लागू नये म्हणून तीन बाजूंनी विटा लावल्या होत्या आणि वर पत्र्याचा तुकडा ठेवला होता. सगुणाबाईच्या वेळी मावशीला त्यानं कसं परत पाठवलं होतं ते मला आठवत होतं, पण ते बोलायची हिंमत मला झाली नाही. दहा दिवस तेल घालायचं त्यानं आपण होऊन कबूल केलं. मला म्हणाला, मी न्हाई मानत, ती मानती.

म्हातारीनं पीठ पसरलं. पणती पेटवली. मग काठीवर भार देऊन कशीबशी उठली आणि वर बघितलं. त्या दिवशीही आभाळ तसंच पांढरं होतं. ती खूप वेळ बघत होती. शेवटी तिनं कचरूमामाकडे वळून विचारलं, "हितंच का, दादा? तुमी पाह्यलं?"

एका क्षणाचाही वेळ न घेता तो म्हणाला, "हितंच, माय. पाह्यलं. मी सकाळपासून हितंच उभा व्हतो."